नवऱ्याचा पगार माझ्या खात्यातून?

‘ताई, माझं माहेर मिरजेचं. पाच वर्षांपासून डॅलसजवळ राहते. नवरा एच-वनवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहे, एका लहान कन्सल्टिंग कंपनीत. त्याचं सातवं वर्ष चालू आहे. ग्रीन कार्डाच्या फाइलमधला आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज, मंजूर होऊन चौदा महिने झाले, त्यामुळे मला एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, ईएडी (कामाचा परवाना) मिळालं आणि मी एका डेंटल क्लिनिकमध्ये बिलिंगचं काम करते. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला तेव्हापासून पगार बंद आहे. शेवटचा पगार ज्या दिवसापर्यंतचा मिळाला तिथून मोजलं तर आज ३८ दिवस झाले. परवा त्याच्या फोनवर मालकाचा मेसेज पाहिला: शुक्रवारपर्यंत साडेआठ हजार पाठव, पेरोल रन करतो, पगाराच्या स्लिपा क्लीन राहतील. नवरा म्हणतो, सगळेच असं करतात. त्याची शिल्लक मिरजेच्या फ्लॅटच्या हप्त्यांत गेली, म्हणून आता माझ्या खात्यातले मागतोय. वर्षभरात जमवलेले अकरा हजार आहेत माझ्याकडे. नोकरी सोडलीस तर बाँडचे १५ हजार भरायचे आणि आय-१४० मी मागे घेणार, असंही मालकानं सांगितलंय. मी नाही म्हटलं तर आपण तिघं रस्त्यावर येऊ, असं नवरा म्हणतो. पैसे देऊ का?’

नाही. त्यातला एक डॉलरही देऊ नका.

एवढं उत्तर आणि दिवसांच्या मोजणीबद्दलच्या चार ओळी तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ईमेलने पाठवल्या. सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आता सविस्तर लिहिते. तुमच्या घरात चाललेलं बोलणं इतर अनेक घरांतही चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते दार लावून चालतं.

आधी पैशांचाच हिशेब करू, कारण तुम्ही बिलिंगवाल्या आहात, आकडे तुम्हाला माझ्याआधी कळतील. नवऱ्याचा कागदोपत्री पगार वर्षाला ९० हजार आहे असं तुम्ही पुढे लिहिलं आहे, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. मालक साडेआठ मागतोय, म्हणजे कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचा पेरोल टॅक्सही तो तुमच्याकडूनच वसूल करतोय आणि वर थोडं ठेवतोय. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, तरी फेडरल कर आणि सोशल सिक्युरिटी कापून नवऱ्याच्या खात्यात सव्वासहा हजारांच्या आसपास परत येतील. म्हणजे तुम्ही आधीच कर भरून साठवलेल्या पैशांवर दुसऱ्यांदा कर भरायचा आणि एका महिन्यात सव्वादोन हजार घालवायचे. बदल्यात काय मिळणार? एक कागद. आणि तो कागद खोटा आहे.

ही गोष्ट नवऱ्याला शांतपणे समजावून सांगा. पगारात पडलेली खाच पुढे भरून काढता येते, खोटी पे-स्टब (पगाराची स्लिप) मात्र पुसता येत नाही. नोकरीवरून ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज करताना, शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर एकूण १८० दिवसांपर्यंत स्टेटस, म्हणजे कायदेशीर वास्तव्य, तुटलं असेल तर ते पोटात घालण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात आहे. पण जाणूनबुजून खोटी माहिती देऊन लाभ घेतला असं ठरलं, तर त्या माणसावर त्या देशात यायची कायमची बंदी येऊ शकते. आज मालक एकटा चूक आहे. तुम्ही पैसे पाठवलेत की बँकेच्या नोंदीत तुमचं नाव चढतं, आणि नवरा फसवला गेलेला न राहता त्यात सामील होतो.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. मी २००६ मध्ये न्यू जर्सीला अशाच एका कंपनीतून गेले. एडिसनजवळच्या त्यांच्या गेस्ट हाउसमध्ये आम्ही सहा मुली होतो, दोन खोल्या आणि एक राइस कुकर. २००९ मध्ये बँकांची कामं आटली आणि मी सात आठवडे बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसले. पगार शून्य. मी गप्प राहिले, कारण व्हिसा मालकाने दिलाय म्हणजे दिवसही त्याच्याच मर्जीवर काढायचे, असं मला वाटायचं. नंतर काम मिळालं, आणि चौदाव्या महिन्यात एका वकिलांकडून कळलं की ते सात आठवड्यांचे पैसे माझे हक्काचे होते, पण तक्रार १२ महिन्यांच्या आत करायची असते. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी त्या सात आठवड्यांबद्दल विचारणा झाली. मी खरं ते लिहून दिलं, वर सांगितलेल्या १८० दिवसांच्या तरतुदीने ते निभावलं. गेस्ट हाउसमधल्या एकीने मात्र पैसे भरून स्लिपा बनवून घेतल्या होत्या. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ती आज भारतात आहे, आणि ती स्वतःच्या इच्छेने परतलेली नाही.

तर हक्क काय आहे ते नीट समजून घ्या. एच-वनचा अर्ज करण्याआधी कंपनी कामगार खात्याकडे लेबर कंडिशन अप्लिकेशन भरते, बोलीभाषेत एलसीए. त्यात ती लिहून देते की या पदासाठी या गावात चालू असलेला पगार आम्ही देऊ. काम नसलं तरी द्यायचा. प्रोजेक्ट मिळाला नाही, क्लायंटने काढलं, दोन कामांच्या मध्ये खंड पडला, या सगळ्या काळाचा पगार कंपनीनेच सोसायचा असतो. कामगार स्वतःच्या कारणाने रजेवर असेल तरच त्यातून सूट आहे. म्हणून पुढचं वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा: ‘मला वैयक्तिक कारणासाठी बिनपगारी रजा हवी आहे’ असं पत्र मालक लिहून मागेल, ते कोणत्याही परिस्थितीत द्यायचं नाही. एकदा दिलं की आजवरच्या ३८ दिवसांचं ओझं मालकाच्या खांद्यावरून उतरून तुमच्या खांद्यावर येतं. उलट नवऱ्याने आजच मालकाला दोन ओळींचा ईमेल करावा: मी कामाला तयार आहे, उपलब्ध आहे, एलसीएप्रमाणे थकलेला पगार मिळावा. भांडणाची भाषा नको. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ईमेलच. आणि मालकाचा तो साडेआठ हजारांचा मेसेज तारखेसकट दिसेल असा स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. कंपनीच्या ईमेलवर नाही.

आता दिवसांची मोजणी, जी मी तुम्हाला आधीच कळवली होती. नोकरी संपल्यावर एच-वनवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुभा असते, किंवा आय-९४ (देशात राहण्याची मुदत लिहिलेली प्रवेशाची नोंद) त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच. ही सवलत २०१७ पासूनची, माझ्या वेळी तीही नव्हती. पण साठ कुठून मोजायचे? मालकाने काढल्याचं पत्र दिलेलं नाही, म्हणजे नोकरी चालूच आहे, असं नवरा म्हणत असेल. कामगार खात्यापुढे तो मुद्दा टिकेलही, कारण तिथे रीतसर काढलेलं नसेल तर पगाराचं देणं चालू राहतं. इमिग्रेशन खातं मात्र साधारणपणे शेवटचा पगार ज्या दिवसापर्यंतचा मिळाला तो दिवस धरतं. दोन खात्यांची दोन घड्याळं आहेत, आणि तुम्ही उशिराच्या घड्याळावर विसंबू नका. पत्र लिहिलंत तेव्हा तुमचे २२ दिवस उरले होते. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर साठावा दिवस लाल पेनाने गोल करा, आणि त्याच्या दहा दिवस आधीचा दिवसही. नव्या कंपनीचा अर्ज त्या दुसऱ्या गोलाच्या आत पोचायला हवा असं धरून चाला.

हो, नवी कंपनी. हाच तुमचा खरा मार्ग आहे, आणि नवऱ्याला वाटतो त्यापेक्षा तो मोकळा आहे. दरवर्षी ६५ हजार आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार अशा मर्यादेची जी लॉटरी असते, तिच्यात तुमच्या नवऱ्याचं नाव कधीच निघून गेलंय. त्याला पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं नाही. दुसऱ्या कंपनीने ट्रान्सफरचा अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता तो तिथे काम सुरू करू शकतो. २००० साली झालेल्या कायद्याने हे सोपं केलं. नोकरी बदलायला आत्ताच्या मालकाची परवानगी लागत नाही, ना-हरकत पत्र लागत नाही.

‘पण सहा वर्षं उलटली आहेत, आय-१४० गेला तर सगळंच गेलं,’ ही तुमच्या नवऱ्याची खरी भीती आहे, आणि मालकाने नेमकं तिथेच बोट ठेवलंय. एच-वन तीन अधिक तीन वर्षांचा असतो. त्यापुढची मुदतवाढ आय-१४० मंजूर आहे म्हणून मिळते, कारण भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. हे सगळं खरं. पण २०१७ च्याच नियमांनी ठरवलंय की आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर मालकाने तो मागे घेतला तरी तेवढ्या कारणाने मंजुरी रद्द होत नाही. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, तुमची राहते. नवी कंपनी त्या मंजुरीच्या आधारावर एच-वनची मुदतवाढ मागू शकते. ग्रीन कार्डासाठी तिला नव्याने फाइल करावी लागेल, पण रांगेतला तुमचा जुना नंबर तसाच राहील. तुमचे चौदा महिने झालेत. मंजुरीतच फसवणूक किंवा मोठी चूक सापडली तर गोष्ट वेगळी, पण मालकाच्या रागाने ती तारीख पुसली जात नाही. माणसाला एका धमकीवर बसवून ठेवलं होतं, आणि त्या धमकीतली हवा चौदापैकी आठ महिने आधीच गेलेली होती. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

आता एक काम जे तुम्हीच करू शकता. असे मालक आय-१४० ची प्रत कामगाराच्या हातात सहसा देत नाहीत. नवऱ्याकडे ती नसेल. पण तुमचा ईएडीचा अर्ज त्याच मंजुरीच्या आधारावर झालाय, म्हणजे त्याचा पुरावा तुमच्या अर्जाला जोडलेला होता. तुमच्या ईएडीची जी फाइल किंवा पीडीएफ वकिलांनी दिली असेल ती उघडा. आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची सूचना) असं डोक्यावर लिहिलेला कागद शोधा, ज्यावर अर्जाचा प्रकार आय-१४० आहे. वरच्या कोपऱ्यात तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे असा पावती क्रमांक असतो, त्याच्याजवळ प्रायॉरिटी डेट. नवरा वर्षभर जो कागद मालकाकडे मागत असेल तो कदाचित तुमच्याच कपाटात पडलेला आहे. नाहीच सापडला तर माहिती मागवण्याच्या कायद्याखाली स्वतःची फाइल सरकारकडून ऑनलाइन मागता येते, फक्त वेळ लागतो. एलसीएची प्रतही कामावर रुजू होईपर्यंत कामगाराला द्यायची असते. ती शोधा, त्यातला पगाराचा आकडा वहीत लिहून घ्या.

बाँडबद्दल थोडक्यात. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून एच-वनवाल्याकडून दंड घ्यायला मनाई आहे. खरोखर झालेल्या नुकसानीची आधी ठरवलेली वाजवी भरपाई राज्याच्या कायद्यात बसत असेल तर ती मागता येते, पण व्हिसाच्या अर्जाची फी किंवा मालकाच्या वकिलाची फी त्यात घुसवता येत नाही. शिवाय ज्याने स्वतःच पगार थकवलाय त्याची बाजू आधीच लंगडी असते. करारनामा टेक्ससमधल्या वकिलाला दाखवा, त्या १५ हजारांपायी रात्रीची झोप घालवू नका.

आणि ज्या गोष्टीमुळे मी तुम्हाला घाई करते आहे ती ही. २१ सप्टेंबर २०२५ पासून नव्या एच-वन अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली गेली. देशात असलेल्या आणि स्टेटस टिकवून असलेल्या माणसाच्या ट्रान्सफरला, मुदतवाढीला ती लागत नाही असं इमिग्रेशन खात्याने त्यानंतर स्पष्ट केलं. पण स्टेटस तुटलंय म्हणून देशात राहून मुदतवाढ देता येत नाही असा निर्णय झाला, तर ती रक्कम लागू होऊ शकते. कोणती कंपनी तुमच्या नवऱ्यासाठी एक लाख मोजेल? म्हणून साठ दिवसांच्या आतला अर्ज आणि बाहेरचा अर्ज यांत आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त अंतर पडलंय. याच कारणासाठी अर्ज मंजूर होईपर्यंत नवऱ्याने भारतवारी करू नये, घरी कितीही महत्त्वाचं कार्य असलं तरी. हे नियम कोर्टात आणि सरकारात हलत राहतात. वकिलाला भेटाल त्या दिवशी, आजची स्थिती काय, हा प्रश्न पहिला विचारा.

वकील तुमचा हवा. कंपनीचा वकील कितीही गोड बोलला तरी त्याचा अशील मालक आहे. तुमच्या अकरा हजारांतले काही शे डॉलर एका तासाच्या सल्ल्यावर खर्च करा. त्या पैशांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. जाताना शेवटच्या तीन पे-स्टब, सगळे आय-७९७, दोघांचे आय-९४, एलसीए, करारनामा आणि तो स्क्रीनशॉट न्या. कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर तक्रार करायची का, कधी करायची, हेही त्यांना विचारा. माझं स्पष्ट मत आहे की करावी. तक्रार केली म्हणून कामगाराचा सूड घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि तक्रारीमुळे मालकाने त्रास दिला असं दाखवता आलं, तर इमिग्रेशन खातं ते असाधारण परिस्थिती म्हणून विचारात घेऊ शकतं. थकलेला पगार परत मिळाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. वेळ लागतो, पण मिळतो.

नवीन कंपनी वेळेत सापडली नाही तर? तुम्ही दोघांनी साठ दिवसांच्या आत व्हिजिटर स्टेटससाठी अर्ज टाकून देशात थांबायचा एक मार्ग आहे. पण त्यात नवऱ्याला काम करता येत नाही, तुमचं ईएडीही जातं, आणि पुढचा एच-वन अर्ज गुंतागुंतीचा होतो. तो वकिलाशिवाय अजिबात नको. दुसरा मार्ग परतीचा. मालकाने मुदतीआधी काढलं तर कामगाराच्या परतीच्या तिकिटाचा वाजवी खर्च त्याने द्यायचा असतो, तुमचा आणि मुलीचा नाही. म्हणून तुमच्या खात्यात दोन तिकिटांचे पैसे बाजूला राहू द्या. पुण्यात जाऊन काम करणं म्हणजे बुडणं नव्हे. प्रायॉरिटी डेट भारतात बसूनही तुमचीच राहते.

नवऱ्याबद्दल एक बोलते, राग मानू नका. तुमच्या पत्रात त्याच्यावरचा राग दोन ठिकाणी दिसला आणि तो रास्त आहे. त्याने तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण ‘सगळेच करतात’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आतून घाबरलेला असतो, आणि बेंचवरच्या माणसाला घरातसुद्धा आपण फुकट जेवतोय असं वाटतं. मला वाटायचं. त्याला ‘पैसे देणार नाही’ एवढंच सांगू नका. तो नकार आणि आय-१४० चा तो कागद एकाच वेळी त्याच्यासमोर ठेवा. रात्री मुलगी झोपल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

शुक्रवारी मालकाचा फोन येईल. तो काय बोलला ते लगेच वहीत तारीख-वेळेसह लिहा, आणि मला कळवा. दुसऱ्या गोलाच्या दिवसापर्यंत मी रोज संध्याकाळी ईमेल बघणार आहे.